दोन चुकलेल्या मोजण्या: साओ पाउलोच्या पोर्तुगेझाची गोष्ट

साओ पाउलो शहराच्या मेट्रोचा नकाशा उघडलात तर स्टेशनांच्या नावांत पाच फुटबॉल क्लब सापडतात. कोरिंथियन्स, पाल्मेइरास, साओ पाउलो, सांतोस ही चार नावं फुटबॉल न बघणाऱ्यालाही कुठेतरी ऐकल्यासारखी वाटतील. पाचवं स्टेशन आहे पोर्तुगेझा-तिएते. तिएते ही शेजारून वाहणारी नदी, आणि लांब पल्ल्याच्या गाड्यांचा तिथला अवाढव्य बस स्टँडही त्याच नावाचा. हातात बॅगा, काखेत पोरं घेऊन हजारो माणसं रोज या स्टेशनात उतरतात. त्यातल्या कितीजणांना ठाऊक असेल कोण जाणे, पण 2018 साली या नावातला पोर्तुगेझा ब्राझीलच्या राष्ट्रीय लीगच्या चारपैकी एकाही श्रेणीत नव्हता. तळाला असणं वेगळं. हा क्लब यादीतच नव्हता.

पाच वर्षांपूर्वी, 2013 मध्ये, तोच क्लब पहिल्या श्रेणीत खेळत होता, आणि मैदानावर मिळवलेल्या गुणांवर तिथे टिकलाही होता. मग झालं काय? ते समजून घ्यायचं तर आधी ब्राझीलच्या फुटबॉलची शिडी कशी लावलेली आहे ते बघायला हवं. ही शिडी जरा विचित्र आहे.

आपल्याला इंग्लंडची पद्धत टीव्हीमुळे पाठ झालेली असते. एका खाली एक लीग, वरून पडलात की खालच्या पायरीवर, तिथून पडलात की आणखी खाली. ब्राझीलमध्ये शिड्या दोन आहेत. एक राज्याची आणि एक देशाची. राज्यांच्या स्पर्धा खूप जुन्या. साओ पाउलो राज्याची स्पर्धा, तिला पाउलिस्ता म्हणतात, 1902 पासून चालू आहे. देश एवढा पसरलेला की सगळ्यांनी सगळीकडे जाऊन खेळणं कित्येक दशकं शक्यच नव्हतं. सध्याची राष्ट्रीय स्पर्धा 1971 मध्ये सुरू झाली, आणि तोवर राज्याचा विजेता होणं हाच मोठा मान होता. 2025 पर्यंत वर्षाचे पहिले काही महिने राज्याची स्पर्धा आणि नंतर राष्ट्रीय लीग असंच चालायचं.

राष्ट्रीय शिडीला चार पायऱ्या आहेत, ए, बी, सी आणि डी. ए म्हणजे सर्वोच्च. तिथे वीस संघ, प्रत्येकाचे अडतीस सामने, आणि शेवटचे चार संघ खाली. चौथी पायरी, सेरी डी, 2009 मध्ये सुरू झाली, आणि गंमत अशी की तिच्या खाली राष्ट्रीय पायरीच नाही. डी मध्ये दरवर्षी नव्याने शिरावं लागतं, आणि प्रवेश मिळतो तो राज्याच्या स्पर्धेतल्या कामगिरीवर. वर चढलात तर सुटलात. नाही चढलात, आणि राज्यातही जागा मिळवली नाही, तर पुढच्या वर्षी राष्ट्रीय सामना एकही नाही. राज्याची स्पर्धा एप्रिलच्या सुमारास आटपली की पगार चालू आणि गेट बंद. खेळाडू कोणाच्या भरवशावर थांबतील? ब्राझीलचे बरेचसे क्लब असेच वर्षातले तीनचार महिने जगतात. पोर्तुगेझाही त्यांच्यात जाऊन पडला.

आता थोडं मागे जाऊ.

क्लबची स्थापना 14 ऑगस्ट 1920 ची. साओ पाउलोत स्थायिक झालेल्या पोर्तुगीज लोकांचे पाच छोटे क्लब एकत्र आले. तारीख मुद्दाम निवडलेली होती. 14 ऑगस्ट 1385 ला आल्जुबारोताच्या लढाईत पोर्तुगालने कास्तीलच्या, म्हणजे आजच्या स्पेनमधल्या शेजारी राज्याच्या, सैन्याला हरवलं होतं. त्या लढाईत जिंकलेल्या राजाचं घराणं आविस, आणि त्या घराण्याच्या नावाने ओळखला जाणारा हिरवा क्रूस आजही क्लबच्या बोधचिन्हावर आहे. रंग लाल आणि हिरवा, पोर्तुगालच्या झेंड्याचे. लाडकं नाव लुसा, रोमन काळातल्या लुसितानिया प्रांतावरून आलेलं. गोव्यात 2014 च्या जानेवारीत लुसोफोनिया गेम्स भरले होते ते आठवत असेल, त्यातला 'लुसो' हाच. योगायोग बघा, नेमक्या त्याच महिन्यात साओ पाउलोत लुसाचे समर्थक कोर्टाच्या पायऱ्या झिजवत होते. त्याकडे येऊच.

इटालियन लोकांचा पाल्मेइरास, पोर्तुगीजांचा पोर्तुगेझा, अशी ही स्थलांतरितांच्या शहरातली वाटणी. पण पाल्मेइरासला जे जमलं ते पोर्तुगेझाला जमलं नाही. आपल्या समाजाबाहेरची गर्दी त्यांना कधीच फारशी गोळा करता आली नाही. बेकरीवाला, किराणावाला, कॉड माशाचे तळलेले गोळे विकणारा आणि त्यांची मुलंबाळं हा त्यांचा गोतावळा. सामन्याला गेलात तर ते कॉडचे गोळे हटकून खायचे, अशी रीत. माझ्या मते क्लबच्या पुढच्या बऱ्याच दुखण्यांचं मूळ इथेच आहे. ज्याच्यामागे दोन कोटी लोक आहेत त्या क्लबवर अन्याय झाला तर सरकार हलतं. ज्याच्यामागे एक मोहल्ला आहे त्याची फाइल बंद होते.

खेळ मात्र मोहल्ल्यापुरता नव्हता. 1935 आणि 1936 मध्ये पोर्तुगेझा राज्याचा विजेता झाला. (तेव्हा राज्यात संघटना फुटून एकाच वेळी दोन लीग चालत होत्या, त्यातल्या एकीचा. हेही नमुनेदार ब्राझीलच.) पन्नासचं दशक हा खरा सुवर्णकाळ. रिओ आणि साओ पाउलोच्या बड्या संघांची एकत्र स्पर्धा त्यांनी 1952 आणि 1955 अशी दोनदा जिंकली. 1954 च्या विश्वचषकात ब्राझीलकडून खेळलेले जाल्मा सांतोस, जुलिन्यो आणि ब्रांदाओझिन्यो हे तिघेही पोर्तुगेझाचे. जाल्मा सांतोस 1958 च्या विश्वचषकात फक्त एक सामना खेळला, तो अंतिम सामना, आणि तेवढ्यावर स्पर्धेतला सर्वोत्तम उजवा बचावपटू ठरला. त्या दिवशीही तो पोर्तुगेझाचाच खेळाडू होता.

मैदान आलं 1956 मध्ये. तिएतेच्या काठावरची कानिंदे नावाची जागा क्लबने घेतली आणि लाकडी फळ्यांचे स्टँड ठोकले. पोर्तुगीज भाषेत लाकडाला मादेइरा म्हणतात, आणि पोर्तुगालचं एक प्रसिद्ध बेटही मादेइराच. पोर्तुगीजांचा क्लब आणि लाकडाचं मैदान म्हटल्यावर लोक त्याला 'मादेइरा बेट' म्हणायला लागले. काँक्रीटचं स्टेडियम 1972 च्या जानेवारीत उघडलं. पाहुणे होते लिस्बनचे बेन्फिका. पाहुण्यांनी 3-1 असं हरवून यजमानांचा पाहुणचार घेतला.

आता पहिली मोजणी.

26 ऑगस्ट 1973, मोरुंबी स्टेडियम. पाउलिस्ताचा अंतिम सामना, पोर्तुगेझा विरुद्ध सांतोस. सांतोसमध्ये पेले. लाखाच्या वर प्रेक्षक. नव्वद मिनिटं आणि वर जादा वेळ खेळूनही 0-0, म्हणून पेनल्टी. प्रत्येकी पाच. तिसरी फेरी संपली तेव्हा सांतोसचे तीनात दोन गोल झाले होते आणि पोर्तुगेझाने तिन्ही चुकवल्या होत्या. स्कोअर 2-0. रेफ्री आर्मांदो मार्केस यांनी शिट्टी फुंकली आणि सांतोसला विजेता जाहीर केलं.

पाटीवर मांडून बघा. दोन्ही संघांच्या दोन-दोन पेनल्टी बाकी. पोर्तुगेझाने दोन्ही मारल्या आणि सांतोसने दोन्ही चुकवल्या तर 2-2. शक्यता कमी, पण सामना संपलेला नाही. पहिलीदुसरीतलं पोरही बोटांवर मोजून सांगेल. देशातल्या नामांकित रेफ्रीला मात्र भर मैदानात ते सुचलं नाही.

पोर्तुगेझाचे प्रशिक्षक होते ओत्तो ग्लोरिया. 1966 मध्ये पोर्तुगालला विश्वचषकात तिसरं स्थान मिळवून देणारा हा मुरलेला माणूस. चूक त्याच्या ताबडतोब लक्षात आली. दुसरा कोणी असता तर रेफ्रीकडे धावला असता. हा धावला नाही. चूक दाखवली असती तर पेनल्टी पुन्हा सुरू झाल्या असत्या, आणि 2-0 ने मागे असताना हरण्याचीच खात्री जास्त. त्याने खेळाडूंना गुपचूप बसमध्ये बसवलं आणि स्टेडियम सोडलं. रेफ्रीला चूक कळेपर्यंत समोर पेनल्टी मारायला संघच नव्हता. शेवटी महासंघाने दोघांनाही विजेते ठरवलं. पोर्तुगेझाच्या नावावर राज्याचं तिसरं आणि आजवरचं शेवटचं अजिंक्यपद लागलं, निम्मं का होईना.

ही गोष्ट हसत हसत सांगितली जाते, आणि पोर्तुगेझाचे लोक सगळ्यात जास्त हसतात. 2013 नंतर हसण्याची चव जरा बदलली.

मधल्या चाळीस वर्षांतलं दोनच गोष्टींपुरतं सांगतो. एक देनेर. कानिंदेत वाढलेला, पायाला चेंडू चिकटवल्यासारखा पळणारा पोरगा. 1991 ची नावाजलेली ज्युनिअर स्पर्धा पोर्तुगेझाने जिंकली ती त्याच्या जोरावर. एप्रिल 1994 मध्ये, वास्को क्लबला उधार दिलेला असताना, रिओतल्या एका मोटार अपघातात तो गेला. वय 23. साओ पाउलोतले जुने लोक त्याचं नाव काढलं की अजून आवाज खाली आणतात.

दुसरी गोष्ट 1996 ची. राष्ट्रीय स्पर्धेत आठवा नंबर काढून बाद फेरीत जेमतेम घुसलेला पोर्तुगेझा थेट अंतिम फेरीत पोहोचला. ग्रेमियोविरुद्ध पहिला सामना 2-0 ने जिंकला. पोर्तो आलेग्रेतल्या दुसऱ्या सामन्यात सुरुवातीलाच एक गोल खाल्ला, पण एवढ्यावर कप लुसाचाच होता. नियम असा की दोन्ही सामने मिळून बरोबरी झाली तर साखळीत वरचढ ठरलेला संघ विजेता. सामना संपायला पाचसहा मिनिटं राहिली असताना आइल्तोनने ग्रेमियोचा दुसरा गोल मारला. एकूण 2-2, कप ग्रेमियोचा. त्या संघातला झे रोबेर्तो पुढे रेआल माद्रिदला गेला. क्लब तिथून हळूहळू घसरत गेला. 2002 मध्ये पहिल्यांदा बी मध्ये, मग वर, मग परत खाली. 2011 मध्ये मात्र बी श्रेणी अशा थाटात जिंकली की लोक संघाला कौतुकाने 'बार्सेलुसा' म्हणायला लागले.

आणि मग दुसरी मोजणी.

24 नोव्हेंबर 2013. बाहियाविरुद्धच्या सामन्यात पोर्तुगेझाचा मिडफिल्डर एव्हर्टन याला लाल कार्ड. लाल कार्ड म्हणजे पुढचा एक सामना आपोआप बंद. तो एक सामना तो बाहेर बसला. पण प्रकरण क्रीडा न्यायाधिकरणाकडेही जातं, आणि शिक्षा वाढवण्याचा अधिकार त्यांना असतो. सुनावणी झाली रिओमध्ये, शुक्रवारी, 6 डिसेंबरला. शिक्षा ठरली दोन सामने. एक भोगून झालेला, म्हणजे एक शिल्लक.

पुढचा सामना रविवारी, 8 डिसेंबरला. हंगामातला शेवटचा, घरच्या मैदानावर ग्रेमियोशी. पोर्तुगेझा तोवर सुरक्षित होता, सामन्यावर त्याचं काहीच अवलंबून नव्हतं. शेवटची तेरा-चौदा मिनिटं राहिली असताना एव्हर्टन बदली म्हणून आत आला. फार काही केलं नाही. सामना 0-0 सुटला. पोर्तुगेझाचे 48 गुण झाले, आणि घसरणाऱ्या चौघांतला सर्वांत वरचा संघ होता 46 गुणांचा फ्लुमिनेन्से, आदल्या वर्षीचा राष्ट्रीय विजेता.

दोनच दिवसांत प्रकरण बाहेर आलं. अपात्र खेळाडू उतरवला. नियमाची शिक्षा अशी: त्या सामन्यात पणाला लागलेले जास्तीत जास्त गुण, म्हणजे तीन, कापायचे, शिवाय सामन्यातून मिळालेले गुणही काढून घ्यायचे. इथे मिळाला होता एक. तीन अधिक एक, चार. 48 मधून चार गेले, उरले 44. फ्लुमिनेन्से वर, पोर्तुगेझा बी मध्ये. फक्त बरोबरीचा एक गुण काढला असता तर 47 उरले असते आणि क्लब वाचला असता.

न्यायाधिकरणाच्या पहिल्या पीठाने 5-0 असा निकाल दिला, आणि 27 डिसेंबरला पूर्ण पीठाने 8-0 असा कायम केला. पोर्तुगेझाचं म्हणणं, सुनावणीला गेलेल्या वकिलाकडून आम्हाला एकच सामना असं कळलं. वकिलाचं म्हणणं वेगळं. समर्थकांनी आणखी एक मुद्दा काढला, आणि तो मला वजनदार वाटतो. निलंबितांची अधिकृत यादी संकेतस्थळावर सोमवारी आली, सामना रविवारी होता. प्रेक्षकांच्या हक्कांचा कायदा म्हणतो निर्णय प्रसिद्ध झाला पाहिजे. क्रीडा संहिता म्हणते, निर्णय तोंडी जाहीर झाला की दुसऱ्या दिवसापासून लागू, छापून येवो वा न येवो. दोन कायदे, दोन तोंडं. न्यायाधिकरणाने आपली संहिता धरली.

प्रकरण इथे थांबत नाही. आदल्या दिवशी, शनिवारी, फ्लामेंगोनेही निलंबित खेळाडू उतरवला होता. त्यांचेही चार गुण कापले, 49 चे 45 झाले. आता मजा बघा. एव्हर्टन बाकावरच बसला असता तर पोर्तुगेझा 48 वर, फ्लुमिनेन्से 46 वर, आणि 45 वाला फ्लामेंगो, म्हणजे देशातला सर्वाधिक पाठीराखे असलेला क्लब, बी मध्ये गेला असता. रिओचे दोन राजे वाचले आणि साओ पाउलोचा मोहल्ला बुडाला. मग 'कोणीतरी पैसे खाल्ले' असं लोक म्हणणारच. सरकारी वकिलांनी चौकशीही केली. मला स्वतःला कटापेक्षा गचाळ कारभार जास्त पटतो. ज्या कार्यालयात पगाराच्या तारखा पाळल्या जात नाहीत तिथे शुक्रवार संध्याकाळचा निरोप रविवारपर्यंत हरवणं यात नवल काय?

ब्राझीलमध्ये मैदानावर गमावलेलं टेबलावर मिळवण्याला एक शब्दच आहे, तापेताओ, म्हणजे मोठा गालिचा. न्यायाधिकरणाच्या दालनात अंथरलेला. फ्लुमिनेन्सेच्या नावाला तो आधीपासून चिकटलेला. 1996 मध्ये ते घसरले, पण त्या वर्षीची घसरणच रद्द झाली. 1999 मध्ये सी श्रेणी जिंकून पुढच्या वर्षी बी मध्ये न खेळताच वर आले. म्हणून आजही विरोधी समर्थक त्यांना ओरडतात, 'बी श्रेणीची उधारी फेड!' न्यायाने बोलायचं तर या वेळी चूक फ्लुमिनेन्सेने केली नव्हती.

एप्रिल 2014, बी श्रेणीचा पहिला सामना, जोइनविल शहरात. सतराव्या मिनिटाला पोर्तुगेझाच्या बाकाकडे एक कागद आला. साओ पाउलोच्या कोर्टाने एका समर्थकाच्या अर्जावर मनाई हुकूम दिला होता. खेळाडू मैदान सोडून निघून गेले. 1973 मध्ये मैदान सोडून निम्मा कप मिळाला होता. या वेळी 3-0 अशी हार मिळाली. ओत्तो ग्लोरियाला ठाऊक होतं की चूक समोरच्याची असेल तेव्हाच पळायचं असतं.

पुढचं भराभर झालं. बी मध्ये 2014 ला शेवटून पहिले. 2015 मध्ये राज्याच्या दुसऱ्या श्रेणीतही घसरण. 2016 मध्ये सी मधून डी मध्ये. 2017 मध्ये डी च्या गटातच गारद. 2018 मध्ये काहीच नाही. टीव्हीचे पैसे गेले, चांगले खेळाडू गेले, थकलेल्या पगारांचे दावे उभे राहिले. 2016 मध्ये कानिंदेचा लिलाव पुकारला गेला तो जुन्या खेळाडूंच्या थकबाकीपायी. बोली लावायला कोणी आलं नाही. कारण समजायला सोपं आहे. मैदानाची निम्म्याहून जास्त जमीन शहराच्या नगरपालिकेची आहे. घराचं अर्ध अंगण सरकारी असेल तर घर कोण घेणार?

वर यायला सुरुवात झाली तीही राज्याच्या शिडीनेच. 2020 मध्ये साओ पाउलोची राज्य कप स्पर्धा जिंकून पुढच्या वर्षीच्या डी श्रेणीची जागा मिळवली. 2022 मध्ये राज्याची दुसरी श्रेणी जिंकून पाउलिस्ताच्या पहिल्या श्रेणीत परत. ब्राझीलने 2021 मध्ये कायदा करून क्लबांना फुटबॉलचा विभाग कंपनी करून विकायची मुभा दिली. 2024 च्या अखेरीस पोर्तुगेझाच्या सभासदांनीही ते केलं. गुंतवणूकदारांनी जाहीर केलेला आकडा एक अब्ज रेआलच्या (रेआल हे ब्राझीलचं चलन) घरातला, कानिंदे पाडून नवं स्टेडियम बांधण्यासकट. 2025 मध्ये क्लब पुन्हा सेरी डी खेळला.

स्टेडियमच्या नकाशात ती नगरपालिकेची जमीन अजून तशीच आहे.